नववी ते बारावीच्या मुलांना घरी भूगोल शिकवायचाय? साधनं अशी निवडा

होमस्कूलिंग सुरू केलं की गणित आणि सायन्सचा बंदोबस्त सगळे आधी करतात, क्लास लागतो, पुस्तकं येतात, आणि भूगोल मात्र "वाचून होईल गं" म्हणत शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलला जातो. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंकांची भलीमोठी यादी टाकतं, आपण ती सेव्ह करतो, मुलगी पहिले दोन व्हिडिओ बघते, तिसऱ्याला जांभई.

माझं स्पष्ट मत सांगते. भूगोलात साधनं कमी पडत नाहीत, जास्त होतात. एक पाठ्यपुस्तक, एक कागदी ॲटलास, आपण राहतो त्या भागाची टोपोशीट (टेकड्या-ओढे-वस्त्या दाखवणारा तपशीलवार नकाशा) आणि एक जाड वही, एवढ्यावर वर्ष निघतं, बाकी ॲप, व्हिडिओ, गेम सगळं चवीपुरतं. पण ह्या चार गोष्टी नीट निवडाव्या लागतात आणि क्रमही महत्त्वाचा आहे, म्हणून पायरी-पायरीनं लिहितेय.

पायरी १ : आधी परीक्षा ठरवा, मग दुकानात जा

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शेवटी कुठलीतरी परीक्षा द्यायचीच असते. महाराष्ट्रात साधारण तीन वाटा. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं, किंवा एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, किंवा केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई. राज्य मंडळात दहावीला भूगोलाचा ४० मार्कांचा वेगळा पेपर आहे. एनआयओएसमध्ये दहावीला भूगोल वेगळा नाही, तो सामाजिक शास्त्रात येतो, बारावीला मात्र स्वतंत्र विषय (कोड ३१६) आणि वर टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट. आयजीसीएसईत नकाशावाचन आणि फील्डवर्कवर चांगला भर, नुसतं पाठ करून तिथे भागत नाही. आणि सिलॅबस ठरावीक वर्षांनी बदलतो, त्यामुळे मूल ज्या वर्षी परीक्षेला बसणारे त्याच वर्षाचा उतरवून घ्या, कुणाच्या ताईनं दिलेला जुना नको.

हे ठरलं नसताना पुस्तकं घेतली तर काय होतं, तर अर्धी कपाटात जातात. बस्स, ह्या पायरीवर एवढंच.

पायरी २ : कण्याचं पुस्तक एकच

कण्याचं पुस्तक म्हणजे ज्याच्या धड्यांच्या क्रमानं वर्ष पुढे सरकेल ते. राज्य मंडळ असेल तर बालभारती, दुसरा विचारच नको. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. आणि खरं सांगू का, ही नवी पुस्तकं आपण शिकलो तेव्हाच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी बरी आहेत. दहावीचं पुस्तक सुरूच क्षेत्रभेटीनं होतं आणि मग सगळे धडे भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवून आहेत, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, सगळं. ही कल्पना घरी शिकवणाऱ्यांना फार सोयीची आहे कारण तुलना आली की वाद घालता येतो, आणि ह्या वयाच्या मुलांना वाद घालायला मिळाला की पुस्तक उघडायला सांगावं लागत नाही. "दोन्ही देश मोठे, दोघांच्याही मध्ये पठार, मग ब्राझीलमध्ये माणसं किनाऱ्याला का चिकटलेली आणि आपल्याकडे गंगेच्या मैदानात का?" हा एक प्रश्न टाका आणि अर्धा तास गप्प बसा.

दुसरं पुस्तक हवंच असेल तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची घ्या, तीही फुकट उतरवता येतात. त्यात प्रात्यक्षिक भूगोलाचं जे वेगळं पुस्तक आहे ते कुठल्याही बोर्डाच्या मुलाला उपयोगी, स्केल, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत), समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), आकडेवारीचे आलेख हे सगळं त्यात शांतपणे समजावलंय. गाइड मात्र आत्ता नको. गाइड परीक्षेच्या आधी, तेही मूल स्वतः मागेल तर.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी मराठी विश्वकोशही ऑनलाइन फुकट आहे, लोकांना आठवतच नाही. भाषा जड आहे, मान्य, पण "मॉन्सून" किंवा "दख्खनचे पठार" अशी नोंद आईबाबांनी आदल्या रात्री वाचून ठेवली तर दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला मजा येते.

पायरी ३ : ॲटलास कागदीच, आणि वर्ष तपासून

फोनवर झूम करता येतं हे खरंय, पण झूम केलं की आजूबाजूचं दिसत नाही. भूगोलात आजूबाजूचंच तर बघायचं असतं. मोठ्या पानाचा शालेय ॲटलास घ्या, टेबलावर उघडा राहील असा.

दुकानात किंवा रद्दीवाल्याकडे बघताना किंमतीच्या आधी तीन गोष्टी बघा. एक, मागे नावांची सूची आहे का, अक्षांश-रेखांशासकट. दोन, नुसते राजकीय नकाशे आहेत की पाऊस, माती, पिकं, खनिजं, लोकसंख्येची घनता हेही आहेत, कारण खरा अभ्यास ह्या दुसऱ्या प्रकारच्या नकाशांवर होतो. तीन, नकाशा किती जुना. छापलेलं वर्ष फाटलेलं असलं तरी नकाशा स्वतःच वय सांगतो : दक्षिण सुदान वेगळा दिसतोय म्हणजे २०११ नंतरचा, तेलंगण आहे म्हणजे २०१४ नंतरचा, लडाख वेगळा केंद्रशासित दिसतोय म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर अखेरनंतरचा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र म्हणजे २०२० नंतरचा, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव लिहिलंय म्हणजे २०२३ किंवा पुढचा. हे काम मुलालाच द्या. जुना ॲटलास आणि नवा ॲटलास शेजारी ठेवून "काय बदललं आणि का" ही चक्क एका आठवड्याची ॲक्टिव्हिटी होते, म्हणून माळ्यावरचा तुमचा शाळेतला ॲटलास फेकू नका.

आणखी एक गोष्ट, बाहेरच्या देशात छापलेले ॲटलास आणि बऱ्याच परदेशी वेबसाइट भारताच्या सीमा वेगळ्या दाखवतात, काश्मीर तुटक रेषेनं वगैरे. आपल्या परीक्षेत सर्व्हे ऑफ इंडियानं मान्य केलेली सीमाच चालते. तर परदेशी नकाशा वापरायला हरकत नाही, पण सीमा अशी का काढलीय ते तिथेच बोलून घ्या, राज्यशास्त्राचाही धडा होऊन जातो.

नकाशा आराखडे, म्हणजे कोरे नकाशे, भरपूर आणून ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळतात.

पायरी ४ : टोपोशीट, इथे वेळ घालवा

टोपोशीट म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा. सर्व्हे ऑफ इंडिया (स्थापना १७६७, म्हणजे पानिपतानंतर सहाच वर्षांनी) हे नकाशे बनवतं आणि त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून ओपन सिरीजचे, म्हणजे सगळ्यांसाठी खुले, १:५०,००० चे नकाशे उतरवता येतात. २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तुमचं गाव, तुमचा ओढा, तुमच्या मागची टेकडी, विहीर, देऊळ, पायवाट सगळं त्यात असतं. मोठ्या कागदावर कलर प्रिंट काढून आणा, स्क्रीनवर ठेवू नका.

मुलाला पहिलं कोडं शीटच्या नंबरचंच घाला. जुन्या पद्धतीत ४ अंश बाय ४ अंशाच्या मोठ्या चौकोनाला नंबर असतो, ४७ म्हणजे १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, नगर सगळे ह्यात. त्याचे एकेक अंशाचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजायचे आणि मग उजवीकडचा पुढचा रकाना. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ तुकडे, १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, परत तसंच वरून खाली. आता पुणे शहर साधारण १८ अंश ३१ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व, तर शीट कुठली? ४७ एफ/१४ यायला हवं. सिंहगड मात्र त्यावर सापडणार नाही, तो खालच्या १५ नंबरच्या जवळजवळ डाव्या कडेवर येतो, म्हणजे गड आणि त्याच्या पश्चिमेचा डोंगर नीट बघायचा तर ११ नंबरची शीटही लागते. आपल्याला हवी ती जागा नेहमी दोन शीटांच्या शिवेवरच का असते हे मला न सुटलेलं कोडं आहे. नव्या ओपन सिरीजला नंबर वेगळे दिलेत, पण हे गणित एकदा सोडवलं की अक्षांश-रेखांश परत शिकवावे लागत नाहीत.

मग काय करायचं शीटचं? सुरुवातीला नुसतं शोधू द्या. लाल म्हणजे वस्ती, निळं बारमाही पाणी, काळ्या रेषांचे ओढे म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे, हिरवं जंगल, पिवळं शेतीखालचं, तपकिरी रेषा उंचीच्या. सहसा दोन समोच्च रेषांत उंचीचा २० मीटरचा फरक असतो पण समासात लिहिलेलं वाचायची सवय लावा. नंतर प्रश्न वाढवत न्यायचे. वस्त्या ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहेत? रस्ता सरळ न जाता इथे वळसा का घालतोय? ह्या टेकडीवर सायकल चढवायची तर कुठल्या बाजूनं?

त्यानंतर ग्राफ पेपर घेऊन टेकडीचा छेद काढायचा, नकाशावर एक रेषा मारायची, रेषा जिथे समोच्च रेषांना छेदते तिथली उंची ग्राफवर मांडायची. आणि छेद काढून झाला की, आधी नाही, गूगल अर्थ प्रो उघडून तोच पाथ काढून एलिव्हेशन प्रोफाइल बघायचं. स्वतःच्या हातानं काढलेली टेकडी आणि सॅटेलाइटची टेकडी सारखी निघाली की मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि नाही निघाली तर चूक कुठे झाली ते ती स्वतःच शोधतात, आपल्याला काही बोलावंच लागत नाही.

शीटचं सर्वेक्षण कधीचं आहे तेही समासात दिलेलं असतं. शीट जुनी असेल तर उलट बरं. नकाशावर शेत आणि प्रत्यक्षात सोसायटी, नकाशावर ओढा आणि प्रत्यक्षात पार्किंग.

पायरी ५ : स्क्रीनवरची साधनं, पण एक चाळणी लावून

चाळणी सोपी आहे : हे साधन वापरून झाल्यावर मुलाच्या वहीत काय उतरणार? काहीच नसेल, नुसतं बघून "भारी होतं" एवढंच, तर ते रविवारी बघा, अभ्यासात धरू नका.

ह्या चाळणीतून गूगल अर्थ प्रो आरामात पास होतं. कॉम्प्युटरवर फुकट आहे आणि त्यातलं घड्याळाचं बटण दाबलं की त्याच जागेचे जुने सॅटेलाइट फोटो दिसतात. नवी मुंबई विमानतळाची जागा लावा, उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला, खाजण भरलं, हे वर्षावर्षानं सरकवत बघता येतं, आणि वहीत वर्षवार चार स्केचेस काढायला सांगितली की प्रकल्प तयार. हिंजवडीचंही तसंच. इस्रोचं भुवन पोर्टल थोडं हळू चालतं, मेनू शोधत बसावं लागतं, पण जमीन-वापराचे थर भारतासाठी तिथे चांगले आहेत.

विंडी ही वाऱ्यांचा हलता नकाशा दाखवणारी साइट, मॉन्सूनमध्ये रोज पाच मिनिटं, बास. जूनच्या सुरुवातीला वारे केरळकडे कसे वळतात ते हलताना दिसतं, बाणांच्या आकृतीत ते कधीच कळत नाही. यूएसजीएस ह्या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ संस्थेचा भूकंपांचा लाइव्ह नकाशा आठवडाभर रोज बघून कोऱ्या जगाच्या नकाशावर ठिपके द्यायला लावा, पॅसिफिकच्या भोवतीचं कडं आपोआप उमटतं, मग प्लेट टेक्टॉनिक्सचा धडा उघडा. आणि तिथेच कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) ह्यांचा विषय काढा, कारण हे दोन्ही भूकंप कुठल्याही प्लेटच्या कडेवर झालेले नाहीत आणि हुशार मूल हे विचारणारच.

गॅपमाइंडरचं डॉलर स्ट्रीट मानवी भूगोलासाठी फार छान, वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या उत्पन्नाच्या घरांचे फोटो, चूल, बिछाना, टूथब्रश. देशापेक्षा उत्पन्नानं घर जास्त ओळखू येतं हे मुलांना लगेच दिसतं.

रस्त्याचा फोटो बघून जागा ओळखायचे जिओगेसर टाइप गेम मुलांना आवडतात, खेळू द्या, पण "हे ब्राझील कशावरून?" ह्याचं उत्तर द्यायचं, मातीचा रंग, झाडं, पाटीवरची भाषा, सूर्य कुठल्या बाजूला. राजधान्या पाठ करायच्या क्विझला मी फारसं महत्त्व देत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरमध्ये रमणारं मूल असेल तर अकरावीनंतर जरूर, नसेल तर अजिबात मागे लागू नका.

व्हिडिओंचं म्हणाल तर नकाशा आधी, व्हिडिओ नंतर. उलटं केलं की मुलाला वाटतं समजलं, आणि नकाशा बघायचं राहूनच जातं.

पायरी ६ : आकडे घरी बनवा

पर्जन्यमापक विकत घेऊ नका. सरळ बाजूंची, सपाट तळाची काचेची बरणी आणि एक पट्टी, गच्चीवर उघड्यावर ठेवायची, झाडाखाली नाही. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खातंही पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतं, म्हणजे त्यांच्या आकड्याशी आपला आकडा ताडता येतो. खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, तर ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिमी पडला की किती? ५०० लिटर. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता तो आकडा सांगा आणि तीच गच्ची परत मोजायला लावा.

गावाच्या आकड्यांसाठी २०११ च्या जनगणनेचं जिल्हा सेन्सस हँडबुक, त्यात गावागावाची लोकसंख्या, शाळा, पाणी, रस्ता सगळं आहे. आणि जुनं काही हवं तर ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, पुण्याचं १८८५ चं आहे, कॅम्पबेलनं संपादित केलेलं. इंग्रजी जुनाट आहे पण आपल्या तालुक्यात तेव्हा काय पिकत होतं आणि बाजार कुठल्या वारी भरायचा हे वाचताना इतिहास-भूगोल वेगळे राहत नाहीत.

बाजारावरून आठवलं, आठवडी बाजार हे भूगोलाचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. वहीत तक्ता आखून जायचं, विक्रेत्यांना नम्रपणे विचारायचं, "काका, कुठल्या गावाहून आलात, कशानं आलात, माल तुमचाच की आणलेला?" आणि घरी येऊन ती गावं टोपोशीटवर टिपून बाजाराच्या गावाशी रेषांनी जोडायची. भाजीवाले जवळचे निघतात, कपडे आणि भांडीवाले लांबचे, आणि असं का ह्यावर आयजीसीएसई काय आणि बारावी काय, अख्खा धडा आहे.

पायरी ७ : क्षेत्रभेट, लांब कशाला

महाबळेश्वरला सगळे जातात, पण वाईला थांबून पाऊस विचारत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही खाली. पर्जन्यछायेचा प्रदेश ह्या शब्दावर पान भरून लिहिण्यापेक्षा एकदा पसरणीचा घाट खिडकीतून नीट बघा, झाडं कशी बदलतात, छपरं कशी बदलतात, शेतात काय उभं आहे.

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायचे तर पाणी उतरल्यावर, पावसाळ्यात कडेलाही नको. मुंबईकरांना अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, बेसॉल्टचे उभे खांब, आजूबाजूला बिल्डिंगा. कोकणात हरिहरेश्वरला लाटांनी झिजवलेला खडक, मालवणजवळ देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा दांडा. विदर्भातल्यांना लोणार, उल्कापातानं झालेलं विवर, २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. गोव्यात रायबंदरहून फेरीनं चोडणला जाऊन खारफुटी.

जायच्या आधी एकच प्रश्न ठरवून जायचं, आल्यावर त्याचंच उत्तर लिहायचं. "ट्रिपचं वर्णन लिही" म्हणालात की "आम्ही सकाळी सहाला निघालो" पासून सुरू होतं. फोटोपेक्षा स्केच काढायला लावा, स्केच काढताना खडकाचा थर दिसतो, फोटोत आपण दिसतो.

परदेशातली मराठी घरंही हे सगळं तसंच करू शकतात, अमेरिकेत यूएसजीएसचे टोपो नकाशे फुकट उतरवता येतात, इंग्लंडमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे तर छानच. भारताचा ॲटलास सोबत असू द्या, उन्हाळ्यात आजीकडे आल्यावर तिथली टोपोशीट काढा.

पायरी ८ : आठवडा कसा लावायचा

रोज भूगोल नको. आठवड्यातून दोन मोठी सत्रं, दीड-दोन तासांची, एक पुस्तक-ॲटलासचं आणि एक टोपोशीट किंवा आकड्यांचं. पावसाची नोंद तेवढी रोज. एका वेळी एकच नवीन साधन आणायचं, आणि महिन्याभरात वहीत त्याचं काही उतरलं नाही तर काढून टाकायचं, पैसे दिलेले असले तरी. वही, स्केचेस, बाजाराचा नकाशा सगळं एका फाइलला तारखेसकट लावत जा, पुढे कॉलेज किंवा कुठे कोर्सला विचारलं तर दाखवायला होतं.

मार्चची परीक्षा असेल तर जानेवारीपासून नवीन साधनं पूर्ण बंद. फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, आलेख आणि कोरे आराखडे. आराखडा भरताना सूची करायची, चिन्ह आणि रंग त्यात द्यायचे, ती राहिली की माहिती बरोबर असून मार्क जातात. आणि राज्य मंडळाची दहावी असेल तर ब्राझीलचे आराखडे भारताइतकेच आणा, मुलं भारत दहादा भरतात आणि ॲमेझॉन कुठून कुठे वाहते ते परीक्षेत आठवत बसतात.